कोरड्या हवेतला गारवा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स हे शहर सोनोरन वाळवंटात वसलं आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटर उंचीवर. जुलैत तिथं दुपारचं सरासरी तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर असतं. २६ जून १९९० रोजी पारा ५० अंशांना टेकला होता, आणि २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस रोज दुपारी तो ४३ अंशांच्या पुढे गेला. या शहरातून गाडी काढून उत्तरेला साधारण २३० किलोमीटर गेलं, की फ्लॅगस्टाफ लागतं. तिथं जुलैतल्या सरासरी दुपारी २८ अंश असतात आणि पहाटे दहा-अकरा. टेम्पी, चँडलर या फिनिक्सच्या शेजारच्या गावांत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी पाहुण्यांना फ्लॅगस्टाफला नेतात तेव्हा सोबत स्वेटर ठेवायला सांगतात, आणि पाहुण्यांना ते सहसा पटत नाही. इतक्या रखरखीत मुलुखात इतक्या जवळ थंडी कशी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपली समजूत अशी असते, की वाळवंट म्हणजे उष्णतेचं आगर, म्हणून गारवा हवा असेल तर वाळवंट ओलांडून दूर जायला हवं. मला उलट वाटतं. ज्या कोरडेपणामुळे वाळवंट भाजून निघतं, त्याच कोरडेपणामुळे तिथं गारवा जवळ असतो. दमट हवेच्या उष्ण शहराला ही सोय नसते. वाळवंटी शहराभोवती गार जागा शोधायच्या तर अंतर मोजण्याआधी हवेचा हा कोरडेपणा ओळखायला हवा.

सुरुवात उंचीपासून करू, कारण सर्वांत भरवशाचा गारवा तोच. डोंगर सूर्याच्या जवळ असतो, मग तो जास्त का तापत नाही, ही शंका जुनी आहे. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. त्या हिशेबात दोन किलोमीटर जवळ जाण्याला काही अर्थ नाही. हवा मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीकडून तापते. जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असतो, म्हणून ती पसरते. पसरताना तिची ऊर्जा खर्च होते आणि ती गार होते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह सोडल्यावर बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते, तसंच हे. कोरडी हवा अशी वर चढताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी निवते. दमट हवेचं तसं होत नाही. ती थोडी वर गेली की तिच्यातली वाफ निवून ढग होतो आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या आतल्या उबेमुळे हवा निवण्याचा वेग बराच मंदावतो, कधी तर निम्म्यावर येतो. वाळवंटात वाफच कमी, म्हणून ही ऊब मिळत नाही. शिवाय जून महिन्यात तापलेली जमीन हवेला इतकी घुसळते, की जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत सगळी हवा एकत्र ढवळून निघते, आणि त्या सगळ्या जाडीत तापमान जवळपास कोरड्या हवेच्या दरानं उतरत जातं. फिनिक्स आणि फ्लॅगस्टाफ यांच्या उंचीत सुमारे १,७७० मीटरचा फरक आहे आणि जुलैतल्या दुपारच्या सरासरीत साडेतेरा अंशांच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे साडेसात अंशांहून थोडं अधिक. ९.८ का नाही, असं कुणी विचारेल. त्याचं कारण फ्लॅगस्टाफ सुळक्यावर नाही, कोलोरॅडो पठारावर आहे. पठाराची जमीन स्वतः उन्हात तापते आणि आपल्यावरच्या हवेला तापवते. त्यामुळे गारवा शोधणाऱ्यानं उंची पाहावी, आणि ती उंची पठाराची आहे की एकट्या डोंगराची, हेही पाहावं.

एकट्या डोंगराचं उत्तम उदाहरण फिनिक्सच्या आग्नेयेला असलेल्या टूसॉन शहराजवळ आहे. टूसॉन ७३० मीटरवर आहे आणि त्याच्या उत्तरेला सांता कॅटलिना डोंगररांग उभी आहे. तिचं सर्वांत उंच शिखर माउंट लेमन २,७९१ मीटरचं. हे नाव सारा लेमन या वनस्पती अभ्यासक बाईंवरून पडलं. १८८१ साली त्या नवऱ्याबरोबर हा डोंगर चढून गेल्या होत्या. आज पायथ्यापासून वर सुमारे ४३ किलोमीटरचा घाट आहे आणि गाडीनं तासाभरात माणूस माथ्याजवळ पोचतो. माथ्यावर शहरापेक्षा बहुधा ११ ते १७ अंश कमी असतात. पण या घाटाचं मोल थर्मामीटरपेक्षा झाडं पाहून जास्त कळतं. खाली हात वर केलेल्या माणसासारखे दिसणारे सग्वारो निवडुंग असतात, पालो व्हर्देची हिरव्या सालीची झाडं असतात. सुमारे १,२०० मीटरच्या आसपास सग्वारो संपतात, जणू कुणी रेघ आखली आहे. मग पिवळं गवत आणि खुरटे ओक, मग ओकांत मिसळलेले पाइन, मग नुसते उंच पाँडेरोसा पाइन, आणि माथ्याच्या उत्तर उताराला डग्लस फर आणि पांढऱ्या फरचं काळोखं रान. जवळच हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचं स्कीचं मैदानही आहे. फॉरेस्ट श्रीव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञानं टूसॉनच्या टुमामॉक टेकडीवरच्या प्रयोगशाळेत राहून या डोंगराचा बारकाईनं अभ्यास केला. वाळवंटाच्या अभ्यासासाठी १९०३ साली कार्नेगी संस्थेनं ती प्रयोगशाळा काढली होती. श्रीव्हचा ग्रंथ १९१५ साली निघाला. उंचीनुसार पाऊस किती वाढतो, बाष्पीभवन किती घटतं, कडाक्याची थंडी किती काळ टिकते, याची मोजमापं त्यात आहेत, आणि कोणतं झाड कुठं थांबतं याचा मेळ त्यानं त्या मोजमापांशी घातला. एक गोष्ट त्यातून ठळक होते. झाडाला वरच्या बाजूला थंडी अडवते, खालच्या बाजूला बहुधा कोरडेपणा. पाइन खाली उतरत नाही, कारण खाली त्याला ओल पुरत नाही.

श्रीव्हच्या निरीक्षणांतला आणखी एक धागा गारवा शोधणाऱ्याच्या फार कामाचा आहे. एकाच उंचीवर दक्षिण उतार आणि उत्तर उतार यांच्यावरचं रान वेगळं असतं. दक्षिण उतारावर वाळवंटी झुडपं आणि तिथूनच वळसा घालून उत्तर उताराला आलं की ओक आणि पाइन, असं वारंवार दिसतं. उत्तर उताराला ऊन तिरकं आणि कमी मिळतं, म्हणून तिथं ओल टिकते. वरच्या पट्ट्यातली झाडं या बाजूला बरीच खाली उतरलेली असतात. म्हणजे सावलीची बाजू निवडणं हे काही शे मीटर चढण्याच्या बरोबरीचं ठरतं. दुसरी गोष्ट रात्रीची. उंचीचा नियम दिवसा चालतो, रात्री तो उलटू शकतो. सूर्य मावळला, की कोरड्या, निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओहोळत दरीच्या तळाशी साचते. श्रीव्हनं हे मोजून दाखवलं, की हिवाळ्याच्या रात्री दरीचा तळ बाजूच्या उतारापेक्षा जास्त थंड पडतो. सग्वारोला कडाक्याची थंडी सोसत नाही, आणि ही जड गार हवा त्याला तळापेक्षा उतारावर कमी गाठते. हाच नियम उन्हाळ्यातल्या रात्रीला लावला तर शहराबाहेरच्या कोरड्या नदीच्या पात्राजवळची सखल जागा पहाटे टेकडीपेक्षा गार असते. दुपारी वर जा, पहाटे खाली राहा, असा हा हिशेब आहे, आणि तो कोरड्या हवेनंच शक्य केला आहे. दमट हवेतली वाफ पांघरुणासारखी वरून उष्णता परत पाठवत राहते. मुंबईत मे महिन्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक राहतो, उघड्या वाळवंटात तो सहज त्याच्या दुपटीहून जास्त असतो.

इथं एक रास्त आक्षेप आहे. वाळवंटातल्या रात्री गार असतात, तर फिनिक्सचे लोक रात्रीसुद्धा का तळमळतात? जुलैत तिथलं रात्रीचं सरासरी किमान तापमान २९ अंशांच्या आसपास आहे, आणि २०२३ च्या जुलैत सलग सोळा रात्री पारा ३२ अंशांच्या खाली गेला नाही. याचा दोष वाळवंटाच्या हवेला देता येणार नाही. डांबर, काँक्रीट आणि भिंती दिवसभर ऊन पितात. दुपारी डांबराचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत तापतो, त्यावर पडून भाजलेल्या माणसांना तिथल्या इस्पितळांत दाखल करावं लागतं. ही साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर येत राहते. वर लाखो एसींची गरम हवा रस्त्यावर सोडली जाते. आकाश तेच कोरडं आणि निरभ्र असतं, पण त्याच्याकडे उष्णता सोडणारी जमीन आता वाळू-मातीची उरलेली नसते. रात्रीचा गारवा फिनिक्सनं स्वतःच्या हातानं घालवला आहे. शहर जिथं संपतं आणि शेतं किंवा उघडं रान सुरू होतं, तिथं रात्री लगेच फरक जाणवतो. म्हणून रात्रीचा गारवा हवा असेल तर डोंगरापर्यंत जायचीही गरज नाही, काँक्रीटच्या बाहेर पडलं तरी बरंच काम होतं.

कोरडेपणाचा तिसरा फायदा विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. ४३ अंशांची हवा आणि आर्द्रता दहा टक्के असेल, तर ओल्या कापडावरून वाहताना ती हवा तत्त्वतः २० अंशांपर्यंत निवू शकते. आपण ज्याला डेझर्ट कूलर म्हणतो, तो याच तत्त्वावर चालतो. नागपूर-अकोल्याच्या घरोघरी खिडकीला लावलेला, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा. फिनिक्समध्ये १९३० च्या दशकात असेच कूलर घरोघर पसरले. त्याआधी लोक घराच्या जाळीदार ओसरीवर ओल्या चादरी टांगून किंवा अंगावर घेऊन झोपत. पण जुलै उजाडला, की विदर्भात जसा कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तसंच ॲरिझोनात होतं. तिथंही मॉन्सून आहे. कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून आणि मेक्सिकोच्या बाजूनं ओली हवा येते. हवामान खात्याच्या लेखी हा हंगाम १५ जून ते ३० सप्टेंबर. तेव्हा ४० अंशांची हवा ३५ टक्के आर्द्रतेची झाली, तर ओल्या ताटीवरून ती तत्त्वतः २७ अंशांपर्यंतच उतरते, आणि खऱ्या कूलरमधून तीसेक अंशांची चिकट हवा येते. पारा तीन अंशांनी खाली आलेला असतो आणि कूलर मात्र सात अंशांनी निकामी झालेला असतो. जून कडक असला तरी जून सोसता येतो आणि जुलै-ऑगस्ट सोसवत नाही, असं तिथले जुने रहिवासी म्हणत असतील तर ते शब्दशः खरं आहे.

गुहांचा गारवाही अनेकजण सुचवतात, आणि तो खरा आहे, पण त्याला मर्यादा आहे. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभराच्या सरासरीच्या जवळ स्थिर होतं. टूसॉनच्या पूर्वेला बेन्सन गावाजवळ कार्चनर कॅव्हर्न्स ही चुनखडीची गुहा आहे. दोन तरुणांनी ती १९७४ साली शोधली आणि नासधूस होऊ नये म्हणून चौदा वर्षं गुपित राखली. १९९९ साली ती लोकांसाठी उघडली. आत तापमान बारमाही २१ अंशांच्या आसपास, पण आर्द्रता ९९ टक्के. बाहेरच्या भट्टीतून आत आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं सुख वाटतं, मग घाम अंगावर तसाच राहतो. आकड्यानं गार आणि शरीराला गार यांतला फरक कळायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्यापेक्षा पूर्वीच्या लोकांनी उघड्या कड्यातल्या खोबणी निवडल्या, ते जास्त शहाणपणाचं होतं. फिनिक्सच्या उत्तरेला व्हर्दे नदीच्या खोऱ्यात माँटेझुमा कॅसल नावाची वस्ती आहे, सिनाग्वा लोकांनी बाराव्या ते चौदाव्या शतकांत चुनखडीच्या उंच कड्याच्या खोबणीत बांधलेली. तिचं तोंड दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा वरचा कडा घरांवर सावली धरतो. हिवाळ्यात सूर्य खाली झुकतो आणि ऊन आत येतं. खाली बीव्हर क्रीकचं वाहतं पाणी आहे. सावली, वारा आणि पाणी, कोरड्या हवेत उपयोगी पडणाऱ्या तिन्ही गोष्टी त्यांनी एका जागी साधल्या होत्या.

उंचीचा नियम उमजला नाही तर तो जिवावर बेततो, याचा पुरावा ग्रँड कॅन्यनमध्ये दर उन्हाळ्यात मिळतो. दरीचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर आहे. जुलैत तिथं दुपारी २९ अंशांच्या आसपास असतात, हवा सुखद वाटते. तळाशी कोलोरॅडो नदीकाठचं फँटम रँच सुमारे साडेसातशे मीटरवर, आणि तिथं ४१. काठावर उभा असलेला माणूस गार हवेत, ताज्या पायांनी खाली उतरायला लागतो. प्रत्येक वळणाला तापमान वाढत जातं, पण उतार असल्यानं दम लागत नाही, आणि कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जात असल्यानं किती पाणी गेलं हे कळतही नाही. मग परतीची चढण सुरू होते, ती नेमकी दुपारी, सर्वांत तापलेल्या भागातून. डोंगर चढणारा आधी कष्ट करतो आणि मग गारव्यात पोचतो. इथं क्रम उलटा आहे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार दरीच्या आत चालू नका, असं उद्यानाचे रक्षक बजावून सांगतात, ते याचसाठी. गार जागेहून निघताना आपण उतरतो आहोत की चढतो आहोत, हा प्रश्न स्वतःला विचारला तर पुष्कळ अपघात टळतील.

डोंगरावरच्या गारव्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की तो जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पुष्कळदा बंद असतो. ज्या कोरडेपणानं तो गारवा दिला, तोच कोरडेपणा रानात वणवा पेटवतो. माउंट लेमनवर सुमारे २,४०० मीटरवर समरहेवन नावाचं छोटं गाव आहे, टूसॉनच्या लोकांचं उन्हाळी घरांचं ठिकाण. जून-जुलै २००३ मधल्या अस्पेन वणव्यात तिथली तीनशेहून जास्त घरं जळाली. २०२० च्या जूनमध्ये बिगहॉर्न वणव्यानं याच डोंगररांगेतलं लाखभर एकरांहून अधिक रान होरपळलं. २००२ साली मोगोयॉन रिमवर, म्हणजे पठाराच्या तुटलेल्या कड्याकाठच्या रानात, रोडिओ-चेडिस्की वणव्यात चार लाख साठ हजारांवर एकर जळून गेले. धोका वाढला की वनखातं रानं बंद करतं, आणि शहरातून निघालेल्या गाड्या परत फिरतात. मग पाऊस आला की आग विझते, पण दुसरा धोका उभा राहतो. जळालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, सगळं वाहून खाली येतं. १५ जुलै २०१७ रोजी फिनिक्सच्या ईशान्येला पेसन गावाजवळ ओढ्याच्या डोहात उकाड्यापासून सुटका शोधणाऱ्या एका कुटुंबातल्या दहा जणांचा अचानक आलेल्या लोंढ्यात बळी गेला. त्या जागी तेव्हा मोठा पाऊस नव्हता. तो वरच्या बाजूला, महिनाभरापूर्वी जळालेल्या रानावर पडला होता. या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच, की गार जागा ही कायमची जागा नसते, तिला हंगाम असतो. जूनमध्ये वणव्याची सूचना पाहूनच निघावं; मॉन्सून लागल्यावर डोंगरावर सकाळी जाऊन दुपारच्या गडगडाटाआधी उतरावं, आणि वरच्या बाजूचं रान अलीकडे जळालं असेल तर ओढ्याच्या डोहात उतरूच नये, आकाश कितीही निरभ्र असो.

आणि हा गारवा आज जिथं आहे तिथं राहणारही नाही. फिनिक्स-फ्लॅगस्टाफच्या दरानं हिशेब केला, तर तापमान दोन अंशांनी वाढणं म्हणजे गारव्याची प्रत्येक पायरी सुमारे २६० मीटर वर सरकणं. माणूस गाडी आणखी वर नेईल. ज्यांना तसं जाता येत नाही, त्यांचं काय? ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात वाळवंटाच्या समुद्रातून उभे राहिलेले असे अनेक सुटे डोंगर आहेत, शास्त्रज्ञ त्यांना आकाशातली बेटं म्हणतात. त्यांतल्या माउंट ग्रॅहमच्या माथ्यावर लाल खारीचा एक वेगळा प्रकार राहतो, जो जगात दुसरीकडे कुठं नाही. तिचं अन्न म्हणजे माथ्यावरच्या स्प्रूस आणि फरची शंकूफळं, आणि भोवती सगळीकडे तिला न ओलांडता येणारं वाळवंट. २०१७ च्या फ्राय वणव्यानंतर मोजणी झाली, तेव्हा अवघ्या ३५ खारी दिसल्या. तिला याहून वर जायला डोंगरच नाही.

माणसांतही सगळ्यांना वर जाता येत नाही, आणि हा आक्षेप मला सर्वांत जास्त मान्य आहे. १८९५ साली प्रेस्कॉटहून फिनिक्सपर्यंत रेल्वे आली, आणि १९०० साली प्रेस्कॉटजवळच्या आयर्न स्प्रिंग्ज इथं फिनिक्सच्या सधन कुटुंबांनी उन्हाळी वस्ती वसवली. बायका-मुलं तिकडे राहत आणि पुरुष शहरात मागे राहून कामं करत. मजूर मात्र बारा महिने खालीच होते. माउंट लेमनचा घाटही असाच. टूसॉनच्या लोकांना गारव्यापर्यंत रस्ता हवा होता. तो १९३३ ते १९५० या काळात मुख्यतः कैद्यांच्या श्रमांतून झाला. त्या कैद्यांत गॉर्डन हिराबायाशी हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुणही होता, दुसऱ्या महायुद्धात आपल्या समाजावर लादलेली संचारबंदी आणि स्थानबद्धता नाकारल्याबद्दल शिक्षा झालेला. त्या तुरुंगाच्या जागेवर आज त्याच्या नावाचं सहलीचं ठिकाण आहे. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथं २०२३ साली उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत जवळजवळ निम्मे बेघर होते, आणि घरात दगावलेल्यांत बंद पडलेल्या एसीची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. यांना फ्लॅगस्टाफचा रस्ता सांगून काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी गार जागा शहरातच, चालत पोचता येईल अशा अंतरावर हवी.

इथंही कोरडी हवाच मदतीला येते. उन्हात उभ्या माणसाला हवेची उष्णता लागतेच, पण त्याहून जास्त तापवतं ते थेट ऊन आणि तापलेल्या रस्त्या-भिंतींचा झोत. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत आरियान मिडल यांनी चाकांवरचं एक यंत्र बनवलं आहे. ते ढकलत नेलं, की सगळ्या दिशांनी शरीरावर येणारं हे ऊन आणि झोत दोन्ही मोजता येतात. शास्त्रज्ञ ते सारं एका तापमानाच्या आकड्यात मांडतात, आणि भर दुपारी उघड्या डांबरावर तो ७० अंशांच्या वर जातो. दाट सावलीत तोच आकडा २५ ते ३० अंशांनी उतरू शकतो, हवेचं तापमान जवळपास तेच असलं तरी. वाळवंटाच्या निरभ्र आकाशातून येणारं बहुतेक ऊन सरळ सूर्याकडून येतं, पांढुरक्या दमट आभाळासारखं चहूबाजूंनी पसरून येत नाही. म्हणून एक दाट झाड किंवा एक भिंत ते जवळपास सगळं अडवते. आणि सावलीत उभ्या माणसाचा घाम कोरड्या हवेत उडतो, त्याला निववतो. सग्वारोचं रोपसुद्धा पहिली कित्येक वर्षं पालो व्हर्दे किंवा मेस्कीटच्या सावलीत काढतं. उघड्यावर रुजलेलं सहसा जगत नाही. सावलीनं सगळं भागतं असं नाही. ४५ अंशांच्या हवेत म्हाताऱ्या माणसाला सावलीबरोबर पाणी आणि एखादी एसी खोली लागतेच, आणि फिनिक्सनं २०२१ साली उष्णतेशी लढण्यासाठी स्वतंत्र खातं उभारलं ते याच कामांसाठी. पण बसची वाट पाहणाऱ्याला वीस मिनिटं ७० अंशांच्या झोतात उभं ठेवायचं की ४५ अंशांच्या, हे शहराच्या हातात आहे. त्या शहरानं रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेले उंच ताड पायाखाली ताटाएवढी सावली देतात. २०१० साली फिनिक्सनं ठरवलं होतं, की २०३० पर्यंत शहराचा चौथा हिस्सा झाडांच्या सावलीखाली आणायचा. ते जमणार नाही हे दिसल्यावर २०२४ साली नवा आराखडा मंजूर झाला, त्यात पाच वर्षांत २७,००० झाडं आणि साडेपाचशे सावलीचे मांडव उभारायचं ठरलं. ती झाडं आधी श्रीमंत वस्त्यांत न लावता, जिथं लोक पायी चालतात, बसची वाट पाहतात आणि जिथं आज सर्वांत कमी सावली आहे, त्या रस्त्यांवर लावली पाहिजेत. पाणी मोजूनमापून, आणि निवड पालो व्हर्दे, मेस्कीट, आयर्नवुड अशा त्याच मातीतल्या झाडांची करून.